रेसच्या ट्रॅकची बदनामी

आमच्या शहरातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा आणि वाचकांच्या पत्रांचा कोपरा गाठा. पाणी, कचरा आणि मोकाट कुत्री हे तीन मानाचे विषय आटोपले की चौथं पत्र ठरलेलं. 'जालना रोडचा झाला रेस ट्रॅक!' खाली सही, 'एक त्रस्त नागरिक'. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण पत्राखालचा हा नागरिक काही बदलला नाही. मजकूरही तोच. एखाद्या वेळी उद्गारचिन्हं दोनाची तीन होतात, इतकंच.

या त्रस्त नागरिकाशी माझं जुनं भांडण आहे. त्याच्या त्रासाबद्दल नव्हे. तो त्रास सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत मीही माझ्या जुन्या स्कूटरवर रोज भोगतो, आणि स्कूटर माझ्यासकट भोगते. भांडण आहे ते त्याच्या उपमेबद्दल. अहो, रेसच्या ट्रॅकनं तुमचं काय घोडं मारलंय? त्याची अशी राजरोस बदनामी का? उद्या एखाद्या गुत्त्यात मारामारी झाली तर 'गुत्त्याचा झाला देव्हारा!' असं लिहाल काय?

ज्यानं मोटारींची शर्यत जन्मात धड पाहिलेली नाही तोच असं लिहू शकतो. मी तरी कुठला दर्दी? पण आमच्या चिरंजीवांना तो नाद आहे आणि घरात टीव्ही एकच आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी मलाही त्या घुंई घुंई गाड्या बघाव्या लागतात. आमच्या सौभाग्यवती तर तो आवाज ऐकून मिक्सर चालू राहिला म्हणून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन येतात. पण माझं लक्ष गाड्यांपेक्षा दुसरीकडेच गेलं. ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी असतात. त्यांना मार्शल म्हणतात. बहुतेक जण बिनपगारी, हौसेनं आलेले. हातात रंगीत झेंडे. आणि ताशी तीनशे किलोमीटरनं येणारा, लाखो डॉलर घेणारा तो शूरवीर त्या बिनपगारी माणसाच्या हातातलं पिवळं फडकं बघून निमूटपणे वेग कमी करतो! मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्याकडे पगारी पोलीस, शिट्टी, काठी आणि पावतीपुस्तक एवढा सरंजाम असून जे होत नाही, ते तिथं हातभर कापडानं होतं. आणि याला म्हणे बेशिस्तीची उपमा!

आता झेंड्याचं म्हणाल, तर आमच्या मराठवाड्याला झेंड्याचं मोल कुणी शिकवायला नको. निजामाच्या राजवटीत तिरंगा फडकवला म्हणून इथल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तेव्हा कुठं तो राजरोस फडकला. म्हणजे कापडाच्या तुकड्याला अर्थ असतो आणि त्या अर्थासाठी माणूस जीव पणाला लावतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. आम्ही नातवंडांनी कापड तेवढं जपलं आणि काठी लांब केली.

खोटं वाटत असेल तर मोटारसायकल रॅली आठवा. कुणाची ते विचारू नका. सगळ्यांचीच असते आणि सगळ्यांची सारखीच असते. एका गाडीवर तिघं. पुढच्याच्या हातात हँडल, मधल्याच्या हातात मोबाइल आणि मागच्याच्या हातात बांबूएवढ्या दांड्याचा झेंडा. सायलेन्सर फुंकून फुंकून फटाक्यांचे आवाज. शर्यतीत झेंडेवाला जागेवर उभा राहतो आणि गाड्या पळतात. आमच्याकडे झेंडेवाला पळतो आणि सगळं शहर जागेवर उभं राहतं. नियम तेवढा उलटा, बाकी सगळं तसंच.

दुसरा आमचा आवडता प्रकार म्हणजे 'हिरवी झेंडी'. सायकल फेरी असो, नवी बस असो की फिरता दवाखाना, मान्यवरांच्या हस्ते हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय चाक हलत नाही. फोटो निघतो. त्या फोटोत झेंडी कधीच गाडीच्या दिशेला नसते, कॅमेऱ्याच्या दिशेला असते. ड्रायव्हर बिचारा आरशातून अंदाज घेत सुटतो.

तसं पाहिलं तर झेंडा आणि मोटार यांची सोयरीक फार जुनी. इंग्लंडात १८६५ साली एक कायदा झाला. इंजिनावर चालणाऱ्या गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसानं लाल बावटा घेऊन पायी चालायचं. गावाबाहेर वेग तासाला चार मैल, गावात दोन मैल. पुढं १८७८ साली बावट्याची सक्ती गेली आणि १८९६ साली वेगाचं ते बंधनही उठलं. इंग्लंडात उठलं म्हणा. आमच्या गुलमंडीवर दिवाळीच्या आठवड्यात तासाला दोन मैलांचा नियम आजही कसोशीनं पाळला जातो. तिथं पुढं चालणाऱ्या माणसाच्या हातात बावट्याऐवजी साड्यांच्या पिशव्या असतात.

रेसमधले झेंडे म्हणजे एक छोटीशी बाराखडीच आहे. तिचा ओनामा पिवळ्यापासून. पिवळा हलला की पुढं धोका आहे. हळू व्हा आणि कुणाच्याही पुढं जाऊ नका. दोन पिवळे हलले तर थांबायची तयारी ठेवा. आमच्याकडेही पिवळा आहे, सिग्नलवर. पण आमच्या लेखी पिवळ्याचा अर्थ 'लवकर, लवकर, अजून उघडं आहे!' असा. एस. टी.च्या दारात लोंबकळलेल्या प्रवाशाला कंडक्टरची घंटा जशी वाटते, तसा आम्हाला पिवळा दिवा वाटतो. काही ठिकाणी तर सेकंद मोजणारे आकडे लावले आहेत. लाल दिव्याचे पाच सेकंद उरले की पुढचे सुटतात. तीन उरले की मागचे हॉर्न वाजवतात. 'निकलो ना चाचा, आगे कोई है क्या?' असा प्रेमळ सवाल रिक्षातून येतो. फॉर्म्युला वनमध्ये पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि सगळे एकदम विझले की सुटायचं. त्याआधी चाक हललं तर शिक्षा. तिथं तो हलणं टिपणारं यंत्र आहे. इथं यंत्राची गरज नाही, कारण न हललेलं चाकच सापडायचं नाही.

मग निळा. निळा झेंडा म्हणजे तुला एका फेरीनं मागं टाकणारा वेगवान गडी येतोय, त्याला वाट दे. हा झेंडा मला सगळ्यांत मोठ्या मनाचा वाटतो. शेवटच्या नंबरावर धापा टाकणाऱ्यानं पहिल्या नंबरवाल्याला बाजू द्यायची, आणि तीही लगेच. दुर्लक्ष केलं तर शिक्षा. आता घाटी दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिका डोळ्यांसमोर आणा. तिचा निळा दिवा गरगरतोय, भोंगा आक्रोश करतोय आणि पुढची मोटार मात्र 'मी माझ्या लेनमध्ये आहे' या अभिमानात ढिम्म. ही लेन तिला एरवी कधी आठवत नाही. बरं, एखाद्यानं वाट दिलीच, तर रुग्णवाहिकेच्या मागोमाग त्या फटीतून दहा दुचाक्या अशा सुसाट निघतात की पाहणाऱ्याला वाटावं, पेशंट फार गोतावळ्याचा दिसतोय!

काळ्या झेंड्याबरोबर गाडीचा नंबर दाखवतात. ज्याला दाखवला त्यानं मुकाट्यानं ट्रॅक सोडून पिटमध्ये परतायचं. आमच्याकडे मंत्र्यांना काळे झेंडे दाखवायची पद्धत आहे. ते पाहून एकही मंत्री परत गेल्याचं ऐकिवात नाही. दाखवणाऱ्यालाच पोलीस गाडीत घालून पिटमध्ये नेतात.

आणि शिक्षा म्हणाल तर ती कुणाचं तोंड बघून होत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात कतारला मॅक्स व्हरस्टॅपेन नावाच्या गड्यानं पात्रता फेरीत दोन हलत्या पिवळ्या झेंड्यांकडे दुर्लक्ष केलं. गडी साधासुधा नाही. त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या यादीत त्या क्षणी पहिला. तरी पंचांनी त्याला सुरुवातीच्या रांगेत पाच जागा मागं ढकललं. दुसऱ्यावरून सातवा! आमच्याकडे असा प्रसंग आला की पहिला प्रश्न येतो, 'माझा बाप कोण आहे माहीत आहे का?' तिथं तर सगळ्यांना माहीत होतं. त्याचा बाप स्वतः फॉर्म्युला वनमध्ये गाडी हाकलेला. काही उपयोग झाला नाही.

उलट आपल्याकडे बघा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याला कल्याणीनगरात एका भरधाव आलिशान मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं. त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. पुढं गदारोळ उठला आणि तो हुकूम बदलला. निबंध ही शिक्षा आहे हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ती वाचणाऱ्याला असते अशी माझी समजूत होती. मात्र या विनोदाला हसू येत नाही. दोन घरांतली कर्ती मुलं गेली आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडले तीनशे शब्द. ज्या रस्त्यावर काळ्या झेंड्याचा भाव असा ठरतो, त्याला तुम्ही रेसचा ट्रॅक म्हणणार? तिथल्या सर्वांत कनिष्ठ मार्शलनंही मान खाली घातली असती.

आता चौकटीचा काळा-पांढरा झेंडा. हा शर्यत संपल्याचा. याचा इतिहास खणणाऱ्यांनी तो अमेरिकेतल्या १९०६ सालच्या मोटारफेऱ्यांपर्यंत नेऊन भिडवला आहे. आमच्या लोकांना हा झेंडा ठाऊक असावा असा मला दाट संशय आहे. कारण सिग्नलपुढं काळं-पांढरं काही दिसलं की शर्यत जिंकली असं समजून ते झेब्रा पट्ट्यांवर चाकं चढवूनच थांबतात. पायी चालणाऱ्यानं मग गाड्यांच्या मधून, 'जरा सरकता का, जरा सरकता का' करत, लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं हिंडावं तसं रस्ता ओलांडायचा.

हे सगळं वाचून आमचे एक शेजारी म्हणतील (ते निवृत्त आहेत आणि म्हणणं हाच आता त्यांचा उद्योग आहे), 'अहो, आपल्या लोकांना शिस्तच नाही. रक्तातच नाही. सोडा.' या रक्तवाल्या मंडळींचा मला अतिशय राग आहे. सगळं रक्तावर ढकललं की कुणालाच काही करावं लागत नाही. शिवाय हे सपशेल खोटं आहे, आणि त्याचा पुरावा याच जालना रोडवर रोज मिळतो.

तुम्ही स्कूटर चालू करून निघालात आणि साइड स्टँड वर करायचा राहिला. पन्नास पावलं जात नाही तोच समोरून येणारा अनोळखी माणूस हाताची बोटं खालीवर हलवत ओरडतो, 'स्टँड! स्टँड!' मागून एक जण गाडी दामटत येतो, बरोबरीला आल्यावर 'काका, स्टँड' म्हणतो आणि निघून जातो. कुणाचा पदर किंवा ओढणी चाकाकडे झुकली असेल तर सगळा रस्ता हवालदिल होतो. पानटपरीवरचा माणूस रस्त्यात उतरतो. दिवसा कुणाचा हेडलाइट चालू दिसला की समोरचे मुठीची उघडझाप करून कळवतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कारखान्यातूनच कायम चालू असे येतात, तरी आमच्या लोकांनी कळवायचं सोडलं नाही. नव्या गाडीवाल्यानं किती जणांचे आभार मानावेत! रेसमध्ये यालाही झेंडा आहे. काळ्यावर नारंगी टिक्का. म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, तुला धोका आहे, पिटमध्ये ये. आमच्या गल्लीतल्या पोराला तो झेंडा ठाऊक नाही, पण त्याचं काम तो बिनपगारी करतो. आणि गंमत म्हणजे ही झेंडी दाखवली की प्रत्येक जण मानतो. 'स्टँड' म्हटल्यावर 'तू कोण सांगणारा?' असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

दुसरा पुरावा हमरस्त्यावर. रात्री पैठण रस्त्याला किंवा बीड रस्त्याला ट्रक बंद पडला की क्लीनर पहिलं काम काय करतो? बाभळीची फांदी तोडून ट्रकच्या मागं वीस-पंचवीस पावलांवर रस्त्यात टाकतो आणि चार दगड मांडतो. हा आपला देशी पिवळा झेंडा. सळया नेणाऱ्या गाडीच्या शेपटाला बांधलेली लाल चिंधीही त्यातलीच. फांदी दिसली की मोठमोठे ड्रायव्हर वेग कमी करतात. तिथं ना कॅमेरा, ना पावतीपुस्तक. मग या माणसांच्या रक्तात काय फरक असतो? तीच माणसं, तोच वेग, तीच घाई.

फरक एवढाच की 'स्टँड' म्हणणारा खोटं बोलत नाही. फांदी खोटं बोलत नाही. ती आहे म्हणजे पुढं ट्रक आहेच. आमच्या बाकीच्या झेंड्यांनी मात्र खोटं बोलायची सवय लावून घेतली आहे, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे.

'पुढे काम चालू आहे' ही पाटी घ्या. ती जिथं असते तिथं काम नसतं आणि काम जिथं असतं तिथं पाटी नसते. आमच्या घराजवळ एक चर खणला होता. खणणाऱ्यांनी पाटी लावली. चर बुजला, त्यावर डांबर पडलं, डांबर उखडलं, तिथं नवा खड्डा पडला, तरी पाटी अभंग. खणणाऱ्या खात्याला विचारलं तर बुजवणारं खातं वेगळं आहे असं कळलं; पाटी काढणारं तिसरं असावं. शाळा ज्या इमारतीतून केव्हाच हलली तिथं 'पुढे शाळा आहे' आणि जिथं खरोखर दीडशे पोरं सुटतात तिथं कसल्याशा वाढदिवसाचा फलक. चौकातला सिग्नल कधी चालू, कधी बंद, कधी चारी बाजूंनी पिवळा मिचमिचता. गतिरोधकावर पट्टे नाहीत, आणि जिथं पट्टे आहेत तिथला गतिरोधक झिजून सपाट झालाय. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. त्यातला लांडगा अखेर खरा आला आणि पोराच्या हाकेला कुणी धावलं नाही. आमच्या रस्त्यावरची एकूण एक पाटी म्हणजे ते पोर आहे.

तीनशेच्या वेगात तो ड्रायव्हर फडक्यावर विश्वास ठेवतो तो काही तो संत आहे म्हणून नव्हे. वळणापलीकडचं त्याला दिसत नाही आणि मार्शलला दिसतं. पिवळा हलला तर धोका आहेच, आणि धोका सरला की पुढं हिरवा दिसणारच. या हिरव्याकडे माझं विशेष लक्ष आहे. धोका संपला हे सांगणारा झेंडा त्यांच्याकडे आहे. आमच्याकडे नाही. आमचा क्लीनरसुद्धा ट्रक दुरुस्त झाला की फांदी आणि दगड तिथंच टाकून निघून जातो, आणि मग त्याच दगडावर मध्यरात्री कुणाची तरी मोटारसायकल जाते. इशारा मागं घ्यायची जबाबदारी जो घेत नाही, त्याच्या इशाऱ्याला उद्या कोण विचारणार?

तिथं सगळं आलबेल असतं असा माझा दावा नाही. २९ जुलै १९७३ ला हॉलंडमध्ये झँडव्हर्टला रॉजर विल्यमसन या तरुणाची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा ड्रायव्हर आपली गाडी सोडून धावत आला आणि एकटा ती गाडी उलटवायला झटत राहिला. पिवळे झेंडे हलत होते, बाकीच्या गाड्या बाजूनं जात होत्या, आणि शर्यत थांबवणारा लाल झेंडा काही निघाला नाही. विल्यमसन गेला. १९९८ साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरनं सुरक्षा-मोटारीच्या वेळी एका मागच्या गाडीला ओलांडल्याचं पंचांनी धरलं, पण शिक्षेचा कागद घटनेनंतर एकतीस मिनिटांनी पोचला. मुदत पंचवीसची! कागद हातानं लिहिलेला आणि शिक्षा नेमकी कोणती ते कळेना. शूमाकरनं शेवटच्या फेरीत शिक्षा भोगायला गाडी पिटमध्ये घातली आणि अंतिम रेषा पिटमध्येच ओलांडून जिंकला. हा किस्सा वाचल्यावर मला ते पंच अगदी आपल्या तालुक्यातले वाटले. पण पुढं ऐका. त्या तिघा पंचांनी आपले परवाने परत केले. इथं ते तालुक्यातले वाटायचे थांबले.

२००२ साली ब्राझीलला चौकटीचा झेंडा हलवायला साक्षात पेले उभा होता. तो कुणाशी तरी बोलण्यात गुंगला आणि जिंकणारी गाडी झेंड्याविना निघून गेली. २०१८ साली कॅनडात झेंडा एक फेरी आधीच हलला, आणि निकाल सत्तरऐवजी अडुसष्टाव्या फेरीवर धरला. कारण झेंडा चुकला तरी झेंडा तो झेंडा. तो पाहून कुणी वेग कमी केला असेल तर त्याला भुर्दंड बसता कामा नये, असा त्यातला न्याय.

आणि ५ ऑक्टोबर २०१४ ला सुझुकाला पावसात ज्यूल्स बियांकी गेला. तेव्हा कोमात आणि जुलै २०१५ मध्ये कायमचा. पिवळे झेंडे हलत होते, पण त्याची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळली. पिवळ्यात किती हळू व्हायचं हे प्रत्येकाच्या समजुतीवर सोडून भागत नाही, हे त्यातून उमगलं. २०१५ पासून अशा वेळी सगळ्यांचा वेग एकदम बांधून टाकायची व्यवस्था आली. त्यापूर्वी १९९४ च्या मे महिन्यात सेना गेला, त्यानंतर वीस वर्षं ग्रां प्रीमध्ये एकही ड्रायव्हर दगावला नव्हता. झेंडेवाल्यांच्या पंगतीतली माणसं मात्र गेली. २००० साली मोंझाला एक मार्शल, २००१ साली मेलबर्नला एक. दुसऱ्याला सावध करायला उभी राहिलेली, बिनपगारी.

आमच्याकडे अपघात झाला की काय शिकतात? दुसऱ्या दिवशी लोक रस्ता रोको करतात, तिसऱ्या दिवशी तिथं गतिरोधक येतो, तोही रंग न दिलेला, आणि चौथ्या दिवशी त्या गतिरोधकावर दुसरा अपघात होतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, असं सरकारच सांगतं. रोजची साडेचारशेच्या वर. ही ट्रॅकवर गेलेली माणसं नाहीत. दूध आणायला, क्लासला, वाळूजच्या शिफ्टला गेलेली.

वाळूजवरून आठवलं. हे शहर गाड्या बनवणारं. १९८५ पासून वाळूजला दुचाक्या-तिचाक्या बनताहेत, २००१ पासून शेंद्र्याला मोटारी. देशाला गाडी पुरवणारे आम्ही. पण कारखान्यात त्याच गाडीच्या लाइनवर लाल दिवा लागला की कामगार हात थांबवतो, आणि शिफ्ट सुटून गेटाबाहेर पडला की तोच कामगार लाल दिव्यात गाडी घालतो. रक्त तेच हो, शेजारीबुवा! आत दिवा खोटं बोलत नाही, बाहेर बोलतो.

यू टर्नबद्दल मात्र मी आमच्या लोकांना दोष देणार नाही. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून आमच्या दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी परत नेली. एवढा मोठा यू टर्न, तोही इशारा न देता, या भूमीनं पचवला आहे. परंपरा पाळायला हवीच.

कुणी म्हणेल, दंड वाढवा, कॅमेरे लावा. लावा ना. पण आधी झेंडे खरे करा. जिथं शाळा आहे तिथंच शाळेची पाटी लावा. काम संपलं की त्याच संध्याकाळी पाटी उचला. गतिरोधकाला पट्टे मारा. सिग्नल एक तर चालू ठेवा, नाही तर खांबासकट काढा. आणि पिवळा एकदा पिवळा ठरला की तो नगरसेवकालाही पिवळा, त्याच्या भाच्यालाही पिवळा आणि दुधवाल्यालाही पिवळा. कॅमेरा हे चोराला पकडायचं यंत्र आहे. झेंडा ही माणसानं माणसाला घातलेली हाक आहे, आणि हाक खोटी निघाली की पकडायला चोरच उरतात.

तेव्हा त्रस्त नागरिका, पुढलं पत्र लिहिशील तेव्हा मथळा बदल. 'जालना रोडचा झाला रेस ट्रॅक' नको. 'जालना रोडचा रेस ट्रॅक कधी होणार?' असं लिही. उद्गारचिन्हं हवी तेवढी घाल. खाली सहीला मीही येतो. ज्या दिवशी तो खरोखर होईल, त्या दिवशी सौभाग्यवतींना घेऊन मी आकाशवाणीपासून क्रांती चौकापर्यंत पायी फिरायला जाईन, आणि रस्ता झेब्रा पट्ट्यांवरूनच ओलांडीन.